तेवढाच व्यायाम

गेल्या सोमवारी लिफ्टचं दार लागता लागता मी मध्ये हात घातला. समोरून एक बाई घाईघाईने येत होत्या. खांद्याला जड पिशवी, हातात फाइल, कपाळावर घाम. "या ना, जागा आहे," मी म्हटलं. त्या दोन पावलं पुढे आल्या, आत डोकावल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली, मग वरच्या पंख्याच्या जाळीवर. मग हसून म्हणाल्या, "नको, तुम्ही व्हा पुढे. मी येते जिन्याने. तेवढाच व्यायाम." दार लागलं. नवव्या मजल्यापर्यंत मी त्या बंद दाराकडे बघत उभी राहिले. कारण ते वाक्य माझं होतं. अकरा वर्षं मी ते वापरलं होतं, शब्दाला शब्द, त्या हसण्यासकट. हसताना ओठ किती ताणायचे म्हणजे समोरचा पुढे काही विचारणार नाही, हेसुद्धा मला पाठ होतं.

मी मात्र काहीच बोलले नाही.

तेव्हापासून ते मनातून जात नाहीये. बोलायला हवं होतं का, आणि बोलणार तरी काय होते? ओळख ना देख, दहा सेकंदांची भेट. लोकांना खरोखरच व्यायाम हवा असतो, जिने चढणारा प्रत्येक माणूस घाबरलेला नसतो. एका वाक्यावरून कुणाला आजारी ठरवणं हा आगाऊपणा आहे, आणि बरं होऊन आलेल्या माणसाला तो फार लवकर जडतो, हे मी स्वतःवरून सांगू शकते. तरीही ती नजर काही पाठ सोडत नव्हती. बंद जागेचा धसका घेतलेलं माणूस आत शिरताना आधी हवा कुठून येते ते बघतं, मग दार कुठे आहे ते. कोण उभं आहे हे त्याला सगळ्यात शेवटी दिसतं.

व्यायामाचं कारण उत्तम होतं. त्यावर शंका तर कुणी घेत नसेच, उलट कौतुक करत. "बघा, नऊ मजले चढते, म्हणून तब्येत अशी," असं म्हणून माझं उदाहरण दिलं जाई, आणि मी ते मान खाली घालून स्वीकारत असे. भीती क्वचितच भीती म्हणून समोर येते. एखाद्या गुणाचं रूप घेऊन ती वर्षानुवर्षं घरात नांदते. विमान टाळणारा म्हणतो, प्रवासाची खरी मजा रेल्वेत. सभागृहात कडेचीच खुर्ची धरणारी म्हणते, पाय मोकळे राहतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने सहा वर्षांत एकाही बैठकीत तोंड उघडलं नाही, आणि आम्ही सगळे त्याला शांत स्वभावाचा समजत होतो. नोकरी सोडताना त्याने सांगितलं की प्रत्येक बैठकीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. आपला आवाज कापेल, सगळे आपल्याकडे बघतील, या विचाराने पोटात गोळा येई. बढती त्याने दोनदा नाकारली होती, कारण वरच्या पदावर बोलावं लागणार होतं. "माझा स्वभावच तसा आहे" या वाक्याखाली किती माणसांचं किती आयुष्य दबलेलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. तेव्हाही मी जिन्यानेच जात होते, आणि हे आपल्यालाही लागू आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खरं तर आपल्या भाषेने हे सगळं फार बारकाईने ओळखलेलं आहे. एखाद्या प्रसंगाने बसतो तो धसका. आधीच घडलेलं पुन्हा घडेल म्हणून राहते ती धास्ती. चारचौघांत उभं राहण्याआधी होते ती धाकधूक. आणि नेमकं कशाचं ते सांगता येत नाही, पण सकाळी डोळे उघडल्यापासून रात्रीपर्यंत जो सुटत नाही तो जिवाला लागलेला घोर. मुलाला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला, घोर. फोन वाजला, घोर; फोन वाजला नाही, तरी घोर. डॉक्टरांच्या पुस्तकात यांना वेगवेगळी नावं आहेत, विशिष्ट भयगंड, पॅनिक डिसऑर्डर, सामाजिक भयगंड, सर्वसाधारण चिंताविकार, आणि माझ्या आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण कुणाला धसका बसलाय आणि कुणाला घोर लागलाय, यात तिची कधी गफलत झाली नाही. फक्त यावर काही करता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीतला अँग्झायटी हा शब्द गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला, असं मी पुढे वाचलं तेव्हा आमचं 'जीव घुसमटतो' लगेच आठवलं. कुठल्याही देशातलं माणूस असो, हात आधी गळ्याकडेच जातो.

माझा हात गेला तो सातव्या मजल्यावर. लिफ्ट व्यवस्थित चालू होती, आत चार माणसं होती, कुणीतरी फोनवर बोलत होतं. आदल्या रात्री झोप कमी झाली होती, सकाळपासून तीन कप कॉफी झाली होती, यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. अचानक छातीत एक ठोका चुकला. मग धडधड सुरू झाली, इतकी की ती शेजारच्याला ऐकू जाईल असं वाटावं. हाताची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, मग ओठांभोवती तेच. माणसांचे आवाज काचेपलीकडून आल्यासारखे लांब गेले. श्वास घेत होते तरी पुरत नव्हता. आणि मनात एकच वाक्य, अगदी स्वच्छ, कुणीतरी वाचून दाखवावं तसं: मी इथे मरणार. नवव्या मजल्यावर दार उघडलं आणि मी बाहेर पडून भिंतीला टेकून खाली बसले. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. राहिला तो थकवा, आणि त्या चौकोनी पेटीबद्दलची एक पक्की खूणगाठ.

त्या संध्याकाळी ईसीजी काढला. व्यवस्थित. पुढच्या पाच महिन्यांत असे चार झटके आले, एक रस्त्यात, एक तर रात्री झोपेतून उठवून. दर वेळी तपासण्या झाल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, दिवसभर छातीला लावून ठेवायचं यंत्र. या तपासण्या योग्यच होत्या, हे मला आज कळतं. थायरॉइड वाढलेला असला, ठोक्यांची लय बिघडलेली असली, रक्त कमी असलं, दम्याचं एखादं औषध चालू असलं तरी अगदी अशीच धडधड होते, आणि ते न बघता सगळं मनावर ढकललं तर नुकसान होतं. पण अहवाल हातात देताना मला दर वेळी दोनच शब्द मिळाले. "काही नाही." कधी पाठीवर थाप मारून, कधी चष्म्यावरून बघून, एकदा जरा वैतागूनच. "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्या दोन शब्दांनी एक संध्याकाळ छान जायची. दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहायचा: काही नाही, तर मग हे काय आहे? एक तर यांना सापडलेलं नाही, किंवा मला वेड लागतंय. दोन्हींत भीती वाढायचीच. एका नातेवाइकांनी "मनाचे खेळ आहेत सगळे" म्हटलं होतं. मनाचे असतील, पण खेळ हा शब्द मला फार लागला होता.

पुढे कधीतरी एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्ण बाईंबद्दल वाचलं. दुर्मीळ आजाराने त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीशी ज्याचा सगळ्यात जास्त संबंध जोडतात तो बदामाएवढा भाग, दोन्ही बाजूंनी निकामी झालेला. साप, कोळी, अंगावर आलेला धोका, कशाचीच भीती त्यांना वाटत नसे. २०१३ साली संशोधकांनी त्यांना, आणि तशाच आणखी दोघींना, ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली. एक श्वास, निरुपद्रवी. तिघींनाही पॅनिकचा झटका आला. भीतीचं केंद्रच नसलेल्या बाईंचा हात तोंडावरच्या मुखवट्याकडे गेला. हे वाचून मी किती वेळ नुसती बसून होते. घुसमटीचा इशारा शरीरात इतका खोल बसवलेला आहे, आणि आम्हाला तो वेळीअवेळी वाजतो, एवढंच. यात कुणाच्या कमकुवत मनाचा प्रश्न येतोच कुठे?

आणि हे काही आजच्या धावपळीचं देणं नव्हे. १८७१ साली अमेरिकेत डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी यादवी युद्धातल्या तीनशेहून जास्त सैनिकांबद्दल लिहिलं, ज्यांची छाती धडधडे, धाप लागे, आणि तपासल्यावर हृदयात दोष सापडत नसे. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी मोकळे चौक ओलांडू न शकणाऱ्या काही पुरुषांची टिपणं काढून त्या त्रासाला अगोराफोबिया हे नाव दिलं. त्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. सोबतीला कुणी असलं, किंवा हातात नुसती काठी असली, तरी त्या माणसांना चौक ओलांडणं सोपं जाई. माझी काठी म्हणजे पाण्याची बाटली. निळ्या झाकणाची, अर्ध्या लिटरची. ती पर्समध्ये नसली तर मी कोपऱ्यापर्यंतसुद्धा जात नसे.

निदान झालं ते अकराव्या वर्षी. तेही मी लिफ्टसाठी गेले नव्हते. झोपेची तक्रार घेऊन गेले होते. मानसोपचारतज्ज्ञ बाई माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी एक छापील कागद दिला, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. माझे २१ पैकी १४ आले. "हा कागद निदान करत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगतो," त्या म्हणाल्या. मग तो बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "या सगळ्यामुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सगळे विचारत, काय होतं. मी धडधड सांगे, घाम सांगे, मुंग्या सांगे. काय सोडलं याची यादी करायला लागले तर कागद पुरेना. लिफ्ट तर होतीच. मग भुयारी रस्ते. विमान. एमआरआय, जो गुडघ्यासाठी सांगितला होता आणि मी "गुडघा आता बरा आहे" म्हणून टाळला. गर्दीतली मधली खुर्ची. आतून कडी लागणारी न्हाणीघरं, बाहेरगावी गेलं की. कॉफी, कारण ती प्यायली की छाती धडधडते. पळणं, कारण पळालं की छाती धडधडते. बाराव्या मजल्यावर राहणारी मैत्रीण. ते लिहिताना पेन थांबलं. तिच्या मुलीच्या बारशापासून तिच्या पाचवीपर्यंत मी त्या घरात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा जिन्याने, आणि नंतर ती बोलवेनाशी झाली. कागद उलटून मी मागच्या बाजूला लिहायला लागले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "झटका आयुष्यात एखाददुसरा अनेकांना येतो, तो आजार नव्हे. पुन्हा येईल या धास्तीत माणूस महिनोन्‌महिने राहायला लागतो, आणि तो येऊ नये म्हणून जगणं आखडून घेतो, तो आजार." मी रडले. वाईट वाटलं म्हणून नाही. माझ्या 'काही नाही'ला पहिल्यांदा नाव मिळालं होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला खुर्चीवर बसवून मिनिटभर जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावला. त्याही माझ्याबरोबर घेत होत्या. चाळिसाव्या सेकंदाला माझ्या बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांना, मग खोली लांब गेली. अगदी तीच, सातव्या मजल्यावरची. मी थांबले तर त्या म्हणाल्या, "हे आत्ता कुणी केलं?" मीच केलं होतं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या, चक्कर, ओठ बधिर होणं सगळं ओळीने येतं. घाबरलेलं माणूस श्वास पुरत नाही म्हणून आणखी ओढतं, आणि आणखी फसतं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हेच चक्र मांडलं होतं: शरीरात काहीतरी हलतं, आपण त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो, त्या अर्थाने शरीर आणखी हलतं. अकरा वर्षं मी ज्याला मरण समजत होते ते एका खुर्चीवर, दिवसाउजेडी, साठ सेकंदांत तयार करता येत होतं. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, त्या अकरा वर्षांचा.

मग शिडी. सगळ्यात सोप्यापासून सगळ्यात अवघडापर्यंत दहा पायऱ्या आम्ही दोघींनी मिळून लिहिल्या. पहिली पायरी, दार उघडं ठेवून लिफ्टच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहायचं. शेवटची, एकटीने, बाटली आणि फोन न घेता, तळापासून वरपर्यंत आणि परत. ही रीत जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला असंच बरं केलं होतं. तो आवडीचं खात बसला की ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा, शेवटी तो मुलगा त्याला कुरवाळायला लागला. माझ्या वेळी खाऊ नव्हता, एक वही होती. आत शिरण्याआधी लिहायचं: काय होईल असं वाटतं? मी लिहिलं, "श्वास बंद पडेल, बेशुद्ध पडेन." बाहेर आल्यावर लिहायचं: काय झालं? "भीती ९० पर्यंत गेली. बेशुद्ध पडले नाही." लिफ्टमध्ये शिरले त्या पहिल्या दिवशी एक मजला, आठ वेळा. पायांत इतकं पाणी झालं होतं की परत घरी चालत जाता येईना. नवव्या दिवशी लिफ्टच्या भिंतीवरची सूचना मी प्रथमच पूर्ण वाचली. ६ व्यक्ती, ४०८ किलो. इतक्या दिवसांत ती मला दिसलीच नव्हती.

बाटलीवरून आमचं भांडण झालं, माझं आणि डॉक्टरबाईंचं. "एक बाटली तर आहे," मी म्हणाले, "कुणाचं काय बिघडतं?" त्या म्हणाल्या, "बाटली घेऊन गेलात तर वाचवलं कुणी, तर बाटलीने." जिना, बाटली, कडेची खुर्ची, हे सगळं मी उपाय म्हणून वापरत होते. टाळलं की तत्क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. चढलेला प्रत्येक जिना मला सांगत होता की लिफ्ट खरोखरच धोक्याची होती, म्हणून तर तू वाचलीस. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा.

पण बाटली सोडणं सोपं होतं. नवऱ्याची सोबत सोडणं अवघड गेलं, आणि ते मला नाही, त्याला. इतकी वर्षं तो माझ्याबरोबर जिने चढला होता. हॉटेलात आधी फोन करून खालच्या मजल्यावरची खोली मागायचा, मी सांगायच्या आत. लोकांना कारणं द्यायचा, "हिला जरा बरं नाहीये." गुडघे त्याचेही दुखायचे. डॉक्टरबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की आता हे थांबवायचं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. घरी येताना बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मीच वाढवलं का हे?" मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, आणि आम्हा दोघांना ते माहीत होतं. घरातली माणसं प्रेमापोटी आजाराची चाकरी करत राहतात, आणि त्या चाकरीला नावं ठेवणं मला आजही जमत नाही. "मग मी आता काय करू?" त्याने विचारलं. "खाली उभा राहा," मी म्हटलं, "आणि वर येऊ नकोस." तो उभा राहिला. पहिल्यांदा मी एकटी नवव्या मजल्यावरून परत आले तर माझ्यापेक्षा जास्त घाम त्याला आला होता.

औषधही घेतलं. याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, म्हणून मुद्दाम लिहिते. सर्ट्रालीन, कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवत. पहिले दहा दिवस धडधड उलट वाढल्यासारखी वाटली. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं म्हणून टिकले, नाहीतर तिसऱ्याच दिवशी गोळ्या फेकल्या असत्या. फरक कळायला पाचवा आठवडा उजाडला. वर्षभर घेतल्या, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत थांबवल्या, एकदम नाही. त्याआधीची काही वर्षं माझ्या पर्समध्ये दुसरी एक गोळी असायची, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली, लगेच शांत करणारी. १९६० पासून बाजारात येऊ लागलेल्या त्या गटातल्या गोळ्या थोडे दिवस, देखरेखीखाली उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर शरीराला त्यांची सवय लागते, आणि मग सोडणं हेच दुखणं होऊन बसतं. मी ती गोळी घेत नसे, नुसती चाचपून बघत असे. तीही बाटलीच होती.

सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही हे मला माझ्या धाकट्या भावाने शिकवलं. त्याला रक्त दिसलं, सुई दिसली की तो कोसळतो. लहानपणी गुडघा फुटला तेव्हा कोसळला, लग्नाआधीच्या तपासणीत कोसळला, "एवढा मोठा गडी आणि सुईला घाबरतो" हे त्याने जन्मभर ऐकलं. मी बरी झाल्यावर मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं, अंग सैल सोड, शांत श्वास घे. तो पुन्हा कोसळला, या वेळी कपाळाला खोक पडली. नंतर कळलं की मी नेमकं उलटं सांगितलं होतं. बाकीच्या भयांत रक्तदाब वाढतो. रक्ताच्या भयात तो आधी वाढतो आणि मग धाडकन पडतो, म्हणून माणूस बेशुद्ध होतो. त्यावर स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी एक सोपी युक्ती बसवली: हातापायांचे, पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडायचे, २०-३० सेकंद थांबायचं, पुन्हा आवळायचे, असं पाचेक वेळा. माझा भाऊ हे समुपदेशकाकडे शिकला. गेल्या वर्षी त्याने पहिल्यांदा आडवं न होता रक्त तपासायला दिलं, मुठी आवळून, दात ओठ खात, आणि मला बँडेज लावलेल्या कोपराचा फोटो पाठवला. खाली काहीही लिहिलं नव्हतं. माझ्या उत्साहाने त्याच्या कपाळावर पडलेला व्रण मात्र अजून आहे, आणि तो दिसला की मी सल्ला देताना जपून बोलते.

कदाचित म्हणूनच त्या सोमवारी माझं तोंड उघडलं नसेल.

आणि मी स्वतः तरी पूर्ण पार पडले आहे का? तीन वर्षांपूर्वी तापातून उठल्यावर एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि पाय उचलेना. सगळं परत. मला वाटलं, संपलं, पुन्हा पहिल्यापासून. पण तसं नसतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते, आणि अशक्तपणात, थकव्यात जुनी वर येते. वही काढली, चौथ्या पायरीपासून सुरुवात केली, बारा दिवसांत सावरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० कोटी १० लाख माणसांना चिंताविकार होता, आणि उपचार मिळतात ते साधारण चारांतल्या एकाला. हा आकडा मी वाचते तेव्हा मला आकडा दिसत नाही. जिना दिसतो, आणि त्यावर निरनिराळ्या मजल्यांवर धापा टाकत, हसून "तेवढाच व्यायाम" म्हणणारी माणसं.

काल त्या बाई पुन्हा दिसल्या. तळमजल्यावर, तीच पिशवी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय. लिफ्ट उघडी होती. मी बरी झाल्यापासून तो जिना वापरत नाही, माझ्यापुरता मी केलेला तो नियम आहे. काल मोडला. "चला, मीही येते," मी म्हटलं. दोन मजले आम्ही हवापाण्याचं बोललो. तिसऱ्यावर मी म्हणाले, "मी अकरा वर्षं हा जिना चढले. रोज. सगळ्यांना व्यायाम म्हणून सांगायचे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नाही हो, मला खरंच व्यायामच लागतो," त्या म्हणाल्या, आणि मी "हो ना" म्हणून गप्प बसले. असेलही. चौथा मजला गेला. पाचव्यावर त्या कठड्याला हात लावून थांबल्या, श्वास जमवत. खालून लिफ्ट वर गेल्याचा आवाज आला, तो पूर्ण विरेपर्यंत त्या ऐकत होत्या.

"वीज गेली तर?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

"गेली होती एकदा," मी म्हटलं. "मी आत होते."

"एकट्या?"

"एकटी."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "मग?"

"आधी खूप भीती वाटली," मी म्हटलं. "मग कंटाळा आला."

त्या काही बोलल्या नाहीत. खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पायरीवर बसल्या. एका बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.